ताप कशाचा आहे? आधी दिवस मोजा, मग रिपोर्ट वाचा

प्रश्न असा आला आहे: सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या भावाला पाच दिवसांपासून ताप आहे. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, जेवण जात नाही. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं. पाचव्या दिवशीचे रिपोर्ट असे: विडाल १:१६०, डेंग्यू एनएस१ निगेटिव्ह, मलेरियाचं कार्ड निगेटिव्ह, प्लेटलेट ९२,०००. एक डॉक्टर टायफॉइड म्हणतात, दुसरे म्हणतात व्हायरल आहे, जाईल. नेमका ताप कशाचा हे ठरवायचं कसं?

या रिपोर्टवरून टायफॉइड आहे असं म्हणता येत नाही आणि डेंग्यू नाही असंही म्हणता येत नाही. मलेरियाही अजून बाद झालेला नाही. शिवाय एका आजाराची तपासणी झालेलीच नाही, तो म्हणजे गवतातल्या सूक्ष्म अळीच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस. चारही शक्यता उभ्या असताना एकावर शिक्का मारून औषध सुरू केलं की पुढचे तीन-चार दिवस वाया जातात, आणि तापाच्या आजारात नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

सुरुवात करायची ती तारखेपासून. तापाचा पहिला दिवस म्हणजे ज्या दिवशी पहिल्यांदा अंगात कसकस आली, थंडी वाजली किंवा थर्मामीटरने १००.४ दाखवलं तो दिवस. दवाखान्यात गेलात तो नव्हे. बहुतेक केसपेपरवर "ताप, ४-५ दिवस" एवढंच लिहिलेलं असतं. पण चौथ्या आणि सहाव्या दिवसाच्या तपासण्या वेगळ्या असतात. आजार सुरू झाला की पहिले काही दिवस रक्तात प्रत्यक्ष जंतू किंवा त्याचा एखादा घटक सापडतो. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून दिसू लागतात. म्हणून एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी), पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी), ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहणारी) या आधीच्या दिवसांच्या तपासण्या, आणि आयजीएम (सुरुवातीची प्रतिपिंडं शोधणारी) नंतरच्या दिवसांची. आयजीएम दुसऱ्या दिवशी केली तर निगेटिव्ह येणारच. एनएस१ आठव्या दिवशी केली तर ती निगेटिव्ह येण्याला काही अर्थ नाही.

तारीख ठरली की तिथून मागे जायचं. डास चावल्यापासून डेंग्यूचा ताप साधारण ४ ते १० दिवसांत येतो, चिकुनगुन्याचा बहुधा ३ ते ७ दिवसांत. फॅल्सिपेरम मलेरियाला ९ ते १४ दिवस लागतात. मलेरियाचा दुसरा प्रकार व्हायवॅक्स मात्र यकृतात दडून कित्येक महिन्यांनीही उठतो. टायफॉइडला एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. स्क्रब टायफसला ६ ते २१ दिवस. आषाढी वारीला पंढरपुरात असताना मिळेल तिथलं पाणी प्यायलेल्या माणसाला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप आला, तर तो त्या पाण्यातला टायफॉइड असण्याची शक्यता कमी. तोच ताप दहा-बारा दिवसांनी आला तर टायफॉइड यादीत वर येतो. म्हणून गेल्या तीन आठवड्यांत माणूस कुठे होता हे विचारायचं. गडचिरोली, ओडिशा, छत्तीसगड असेल तर मलेरियाचा संशय आधी. कोकणात भाताच्या खाचरात किंवा मुंबईत साचलेल्या पाण्यात पाय भिजले असतील तर लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. बांधावर गवत कापलं, शेरडं चारली, उसात पाणी धरलं, तर स्क्रब टायफस आणि लेप्टो दोन्ही. घरातल्या-शेजारच्या दोघा-तिघांना एकाच आठवड्यात ताप असेल तर डासांचा आजार किंवा फ्लू.

आता विडाल. ही तपासणी १८९६ सालची, आणि आपल्याकडे तापात सगळ्यात जास्त गैरसमज हिनेच होतात. टायफॉइडच्या जंतूविरुद्धची ओ आणि एच ही दोन प्रतिपिंडं ती मोजते. ती पुरेशी वाढायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे खरा टायफॉइड असतानाही पाचव्या दिवशी विडाल निगेटिव्ह असू शकते. उलट पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, टायफॉइडच्या जातीचा दुसरा जंतू पोटात जाऊन गेला असेल, इतकंच काय, आत्ता मलेरिया किंवा डेंग्यू असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. जिथे टायफॉइड कायम असतो तिथल्या धडधाकट माणसांतही १:८०, १:१६० निघतं. ती खऱ्या अर्थाने वापरायची तर सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट वाढला का हे पाहावं लागतं, आणि तसं जवळजवळ कुणी करत नाही. त्यामुळे पाचव्या दिवशीच्या एकट्या १:१६० वरून निदान करू नये. "डेंग्यूपण आहे आणि टायफॉइडपण निघालाय" असं जे सर्रास ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा टायफॉइड हा विडालचा असतो, रुग्णाचा नसतो. टायफीडॉट या टायफॉइडच्या झटपट तपासणीच्या कार्डावरही याहून फार जास्त विश्वास टाकू नये.

टायफॉइड सिद्ध करायचा तो ब्लड कल्चरने. इथे काय चुकतं ते नीट समजून घ्यावं. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलीलिटर रक्तात बऱ्याचदा एकसुद्धा जंतू नसतो. म्हणून मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं, शक्यतो दोन बाटल्या. ३ मिली घेतलं तर तपासणी आधीच हरलेली असते. आणि रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचं. सगळं नीट केलं तरी साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांतच जंतू उगवतो, म्हणून निगेटिव्ह कल्चरने टायफॉइड पूर्ण बाद होत नाही. पण उगवला तर कोणतं औषध चालेल हेही कळतं. आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सासिनला टायफॉइडचा जंतू आता बहुतांशी दाद देत नाही, त्यामुळे ही माहिती लाखमोलाची. टायफॉइडचा ताप दिवसागणिक चढत जातो. जीभ मधोमध पांढरी, कडा लाल. पोट जड, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी फार वाढत नाहीत आणि त्यांच्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी बहुतेक वेळा शून्यावर येतात. इओसिनोफिल ३-४ टक्के असतील तर टायफॉइडबद्दल पुन्हा विचार करावा. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची: योग्य औषध सुरू झालं तरी टायफॉइडचा ताप उतरायला ४ ते ६ दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलायचं, डॉक्टर बदलायचा, हे करू नये.

डेंग्यूकडे वळू, कारण तुमच्या भावाच्या बाबतीत आज सगळ्यात घाईचा प्रश्न तो आहे. एनएस१ पहिल्या तीन दिवसांत चांगली सापडते, पाचव्या दिवसापर्यंत तिची ताकद बरीच उतरते. ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्याच्यात ती आणखी लवकर नाहीशी होते, आणि गंभीर डेंग्यूचा धोका नेमका अशाच माणसांना जास्त असतो. म्हणजे पाचव्या दिवशीच्या एनएस१ निगेटिव्हचा अर्थ "ठरवता येत नाही" एवढाच. आयजीएम एलायझा (प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मोजणारी तपासणी) पाचव्या दिवसापासून करावी, निगेटिव्ह आली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. कार्डापेक्षा एलायझा भरवशाची, सरकारी कार्यक्रमात डेंग्यू पक्का धरतात तो एलायझावरच, आणि आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतात. सोलापुरात सिव्हिलला चौकशी करावी.

पण डेंग्यूत नाव पक्कं करण्यापेक्षा वेळ सांभाळणं महत्त्वाचं. ताप असतो तोवर रुग्णाला त्रास जास्त असतो, धोका कमी. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घरचे हुश्श करतात. त्याच २४ ते ४८ तासांत काहींच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात आणि छातीच्या पोकळीत उतरतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब खाली येतो. ताप गेला, पण माणूस गळून गेला, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, झोपाळलेला किंवा उगाच चिडलेला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवीला सहा-सात तास गेलेला नाही: यातलं एकही असेल तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

आणि इथे सगळ्यांची नजर चुकीच्या आकड्यावर असते. "पेशी किती?" हा घरोघरी पहिला प्रश्न. झिरपणं ओळखायचं असतं हेमॅटोक्रिटवरून, म्हणजे रिपोर्टमध्ये एचसीटी किंवा पीसीव्ही लिहिलेली ओळ. ती आधीच्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढली, जसं ४० वरून ४८, आणि त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने घसरल्या, तर रक्तवाहिन्या गळत आहेत. दुसरा आकडा रक्तदाबाच्या दोन अंकांमधलं अंतर. ११० वर ९० म्हणजे फरक २०. वरचा आकडा चांगला दिसतो म्हणून कुणी घाबरत नाही, पण हा शॉकच आहे. प्लेटलेट ४०,००० आहेत, रक्तस्राव नाही, तर प्लेटलेटची पिशवी लागत नाही. रक्तस्राव नसताना साधारण १०,००० च्या खाली गेल्यावरच तिचा विचार करतात. पिशवीसाठी रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालणारे नातेवाईक आणि तिकडे वेळेवर न मिळालेलं सलाईन, हे चित्र बदलायला हवं. पपईच्या पानांचा रस झिरपणं थांबवत नाही. त्याने उलट्या झाल्या तर त्या आजाराच्या की रसाच्या हे कळेनासं होतं, म्हणून तो देऊ नये असं माझं मत आहे.

प्लेटलेटचा आकडा खरा आहे का हेही पाहावं लागतं. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन त्या गुठळीला एकच पेशी समजतं आणि आकडा फसवा कमी येतो. अचानक खूप कमी आकडा आला, माणूस मात्र ठीक आहे, तर पॅथॉलॉजिस्टना स्लाइडवर पाहायला सांगावं. पहिला आणि दुसरा सीबीसी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावा, नाहीतर फरक आजाराचा की मशीनचा हे समजत नाही.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरणही मोडायला हवं. व्हायवॅक्स मलेरियात प्लेटलेट सर्रास लाखाच्या खाली जातात. स्क्रब टायफसमध्ये जातात, लेप्टोमध्ये जातात, रक्तात पसरलेल्या कोणत्याही जंतुसंसर्गात जातात. आणि या सगळ्यांवर ठरलेलं औषध आहे, जे वेळेवर मिळालं तर जीव वाचतो. म्हणून डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली की "व्हायरल असेल" म्हणून थांबायचं नाही. खरं काम तिथून सुरू होतं.

स्क्रब टायफस हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित. गवत-झुडपांत, बांधावर, उंदीर असलेल्या पडीक जागेत चिगर नावाची अतिसूक्ष्म अळी असते, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. ती चावल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो. चावलेल्या जागी अनेकांना काळी खपली धरते, मध्ये काळं, भोवती लालसर कडा, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतः सांगत नाही. आणि ती असते लपलेल्या जागी: काखेत, जांघेत, कमरेला नाडी किंवा पट्टा बसतो तिथे, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कानामागे केसांत, वृषणावर, माकडहाडाजवळ. शर्ट वर करून स्टेथो लावला एवढ्याने ती दिसणार नाही. उजेडात, पडदा ओढून, संकोच बाजूला ठेवून सगळं अंग पाहावं लागतं. बायकांच्या बाबतीत घरातल्या बाईने किंवा नर्सने पाहावं. खपलीजवळची गाठ सुजलेली असते, त्या गाठीवरूनही माग काढता येतो. खपली सापडली तर रिपोर्टची वाट पाहू नये. पण बऱ्याच रुग्णांत खपली नसतेच, म्हणून ती नाही याचा अर्थ आजार नाही असा नव्हे. पाच दिवसांवर गेलेला ताप, प्लेटलेट कमी, यकृताची एसजीओटी-एसजीपीटी ही एन्झाइम दुप्पट-तिप्पट, जोडीला कोरडा खोकला किंवा धाप, एवढं जुळलं तरी संशय घ्यायचा. तपासणी आयजीएम एलायझा, तीही आठवड्याच्या आसपास उपयोगी. वेल-फेलिक्स या जुन्या रक्ततपासणीत ओएक्स-के हा आकडा वाढलेला दिसला तर पुष्टी मिळते, पण ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते.

औषध स्वस्त आणि जुनं आहे: डॉक्सिसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. गरोदर स्त्रीला त्याऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते. दुधाबरोबर घ्यायची नाही. स्क्रब टायफस असेल तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो, आणि हे उतरणंच निदानाचा पुरावा ठरतं. टायफॉइडवर देतात ती अँटिबायोटिकं, नुसतं सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन दिलं तर या जंतूला काहीच होत नाही. टायफॉइड समजून आठवडाभर ते चालवायचं आणि शेवटी फुप्फुसं-मूत्रपिंडं निकामी होत असताना मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हा या आजारातल्या मृत्यूंचा नेहमीचा रस्ता आहे. गोचिडीमुळे होणारा याच कुळातला ताप महाराष्ट्रात मुलांमध्ये दिसतो. त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ येतं. औषध तेच.

मलेरियाच्या कार्डाबद्दल. कार्ड सोयीचं आहे, पण परजीवी कमी असले की चुकतं. स्लाइड तज्ज्ञ हातांत असेल तर कोणता परजीवी आणि किती तेही कळतं. जाड थेंबाची स्लाइड निगेटिव्ह म्हणण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० क्षेत्रं पाहावी लागतात. घाईत वीस पाहून निगेटिव्ह लिहिलं तर थोडे परजीवी निसटतात. रक्त घ्यायला थंडी वाजण्याची वाट पाहायची गरज नाही, तापाच्या कोणत्याही वेळी घ्यावं. एकदा निगेटिव्ह आलं आणि संशय कायम असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीनदा पाहावं. "दिवसाआड ताप नाही म्हणजे मलेरिया नाही" हेही चूक: पहिल्या आठवड्यात ताप रोज, कसाही येतो. फॅल्सिपेरमची कार्डावरची रेघ उपचारानंतरही काही आठवडे राहते, म्हणून नुकताच मलेरिया होऊन गेला असेल तर कार्डापेक्षा स्लाइड पाहावी. व्हायवॅक्सला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स पुरा करावा लागतो, नाहीतर यकृतातला परजीवी पुन्हा उठतो. त्याआधी जी६पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम तपासून घ्यावं, आणि गरोदर बाईला प्रायमाक्विन द्यायचं नाही. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. निदानाचं मूळ साधन आजही तेच आहे: सूक्ष्मदर्शक आणि तो चालवणारा धीराचा माणूस.

चिकुनगुन्या ओळखायला त्यामानाने सोपा. ताप एकदम जोरात, आणि मनगटं, बोटं, घोटे इतके धरतात की तांब्या उचलवत नाही. आपल्या जिल्ह्याशी या आजाराचा जुना संबंध आहे. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती, त्यानंतर तीसेक वर्षं तो देशात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. प्लेटलेट यात सहसा फार उतरत नाहीत. सांध्यांसाठी वेदनाशामक द्यायचं, पण डेंग्यू नाही याची खात्री झाल्यावरच, कारण दोन्ही एकाच डासातून येतात आणि कधी एकाच माणसात असतात.

लेप्टोत पोटऱ्या दाबल्या की रुग्ण ओरडतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत, पुढे कावीळ आणि लघवी कमी. रिपोर्टमधली खूण अशी की बिलिरुबिन (कावीळ मोजणारा आकडा) खूप वाढलेलं, एसजीपीटी मात्र थोडंच वाढलेलं. साध्या विषाणूजन्य काविळीत याच्या उलट, एसजीपीटी हजारात जातं आणि कावीळ दिसेपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. फ्लूमध्ये घसा आणि खोकला पुढे. धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर ताबडतोब दवाखाना.

हे सगळे मोठ्या नावांचे आजार शोधताना साध्या जागा राहून जातात. घसा, मुलांचे कान, छाती, पायावरची लाल सुजलेली कातडी, आणि लघवी. थंडी वाजून ताप आलेल्या बाईत लघवीची साधी तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. मूत्रपिंडाचा संसर्ग मलेरियासारखाच हुडहुडी भरवतो. दुधाच्या जनावरांत राबणाऱ्याला, कच्चं दूध पिणाऱ्याला आठवडेन् आठवडे ताप, रात्री घाम आणि कंबर धरलेली असेल तर ब्रुसेला शोधावा. दोन आठवड्यांवर ताप गेला की क्षय.

आणि सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असताना शेतात, रस्त्याच्या कामावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारा माणूस १०४ च्या वर तापला आणि बरळू लागला, तर तो उष्माघात धरायचा. यात पॅरासिटामॉल काही करत नाही, कारण बिघाड तापमान ठरवणाऱ्या केंद्रात नसतो, उष्णता बाहेर टाकण्यात असतो. सावलीत आणून कपडे काढून अंगावर पाणी शिंपडत जोरात पंखा, काखेत-जांघेत बर्फ, आणि हे करत करतच दवाखान्याकडे. मलेरियाची स्लाइड तरीही करावी, कारण मेंदूपर्यंत गेलेला फॅल्सिपेरमही असाच दिसतो.

काय करू नये, त्यात इंजेक्शन पहिलं. "एक सुई मारा, ताप उतरवा" म्हणून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घेतलं जातं. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाला कुल्ल्यावर सुई म्हणजे स्नायूत रक्ताची गाठ, आणि औषध स्वतः रक्तस्राव वाढवणारं, मूत्रपिंडाला जड. सोबत डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड असेल तर ताप दोन दिवस दबतो, तापाचा आलेख बिघडतो, निदान मागे पडतं. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, निमेसुलाइड घरी नकोच. पॅरासिटामॉल मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मुलांना वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. इथे चूक होते ती सिरपच्या ताकदीत: ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं आणि २५० मिलिग्रॅमचं अशा दोन्ही बाटल्या मिळतात. १५ किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्यातलं ८ मिली, दुसऱ्यातलं ४ मिली.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप, गरोदर बाई, किंवा ताप आणि जोडीला मान ताठ, झटका, बरळणं, धाप, कावीळ, लघवी बंद, यांना घरी ठेवून पाहायची सोय नसते.

तुमच्या भावासाठी आज करायचं ते असं. रक्तदाब आणि नाडी बसून व उभं राहून. सीबीसी पुन्हा, हेमॅटोक्रिटसह, आणि दर १२ ते २४ तासांनी, ताप उतरल्यानंतरही ४८ तास. मलेरियाची स्लाइड, फक्त कार्ड नको. डेंग्यू आयजीएम एलायझा. एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, लघवी. अँटिबायोटिक बदलण्याआधी ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या. आधीच गोळ्या सुरू असल्याने जंतू सापडण्याची शक्यता कमी आहे, तरी घ्यावं. खपलीसाठी संपूर्ण अंग. पोटाच्या सोनोग्राफीत पाणी किंवा पित्ताशयाची सुजलेली भिंत दिसली तर डेंग्यूचं झिरपणं सुरू आहे असं धरून दाखल करावं. स्लाइड निगेटिव्ह, हेमॅटोक्रिट स्थिर, एसजीपीटी वाढलेलं आणि सहाव्या दिवशीही ताप चढता असेल तर डॉक्टरांशी डॉक्सिसायक्लीनबद्दल स्पष्ट बोला. कागदावर तापाच्या पहिल्या दिवसाची तारीख, दर सहा तासांचा ताप, दिलेली प्रत्येक गोळी आणि लघवीच्या वेळा लिहून ठेवा. अडीच लिटरच्या आसपास ओआरएस, ताक, पेज, सरबत पोटात जायला हवं.

घरातल्या बाकीच्यांसाठी एक काम याच आठवड्यात आहे. डेंग्यूच्या रुग्णाला सुरुवातीचे पाच-सहा दिवस चावलेला डास पुढे दुसऱ्याला आजार देऊ शकतो, म्हणून ताप असेतोवर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा; हा डास दिवसा चावतो. सोलापुरात नळाला दिवसाआड, कधी चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे बॅरल, हौद, रांजण भरून ठेवण्यावाचून इलाज नाही. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून आतला काठ काथ्याने घासा, कोरडं होऊ द्या, मग भरून फडक्याने घट्ट बांधा. हौद रिकामा करता येत नसेल तर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून अळीनाशक टाकून घ्या. घासणं सोडू नका: अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या वर काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात, आणि नुसतं पाणी ओतून दिलेल्या बॅरलमध्ये पुढच्या नळाचं पाणी चढलं की फुटतात.